चार्टबाईंच्या घरचा चार्ट

बस डेपोतल्या चार्टबाईंच्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. नाकावर असता तर अधूनमधून उडाला तरी असता. बाईंचा राग मुक्कामालाच आलेला होता. सकाळी आठ वाजता तो त्यांच्याबरोबर ड्युटी ऑफिसात येऊन बसे, आणि दुपारी चारला दुसऱ्या दिवशीचा चार्ट काचेच्या बोर्डात लावून त्या कुलूप घालत तोवर चांगला तापलेला असे. चारच्या ठोक्याला दीडशे ड्रायव्हर-कंडक्टर त्या काचेला डोकी लावत आणि चार वाजून एक मिनिटानं पहिला माणूस खिडकीशी हजर.

"बाई, परत तुटक ड्युटी? सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधले पाच तास मी काय आभाळ बघू?"

"बघा की. चांगलं असतं आभाळ. पुढचा कोण?"

एकवीस वर्षं बाई हा चार्ट लिहीत होत्या. कायम झालेल्यांची नावं शाईनं, नोकरीच्या वर्षांप्रमाणे वरून खाली. सगळ्यात खाली बदली. बदली म्हणजे अजून कायम न झालेला माणूस. कुणी आजारी पडलं, कुणी दांडी मारली, की त्याच्या जागी यानं जायचं. रोज बदलणार म्हणून त्यांची नावं पेन्सिलीनं. बदली माणूस कधी नाही म्हणत नाही. ताप असला तरी येतो, सुट्टी मागत नाही, कारण ठरलेले दिवस भरले आणि तक्रार नसली तर कायम होता येतं. त्यामुळे कुणालाच नको असलेल्या ड्युट्या बदली लोकांच्या गळ्यात पडतात. हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंना तर होतंच, कारण गळ्यात घालणाऱ्या त्याच होत्या.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाईंच्या डोक्याला दुसरा ताप सुरू होई. नवरा त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दोघंही सकाळी साडेसातला बाहेर पडत ते संध्याकाळी साडेपाचला घरी. मधल्या दहा तासांत तेरा वर्षांची थोरली आणि दहा वर्षांचा बारक्या त्या दोन खोल्यांचं जे करत ते करत. या वर्षी त्यात तिसरीची भर पडली होती. बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी, अकरा वर्षांची. दिवसाकाठी चार शब्द बोलली तर पुष्कळ, म्हणून बारक्यानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव मुनी ठेवलं. ते सगळ्यांनी उचललं आणि तिनंही चालवून घेतलं.

"ताई, सुट्टीपुरती ठेवशील ना गं?" असं बहीण फोनवर म्हणाली होती. सुट्टीपुरती. मग मुलीची बॅग उघडल्यावर बाईंच्या पायाची आग मस्तकात गेली. चार फ्रॉक होते, ते ठीक. पण त्याखाली या वर्षाची सगळी पुस्तकं, त्याखाली लोकरीचा जाड स्वेटर, आणि तळाशी प्लास्टिकच्या पाकिटात शाळा सोडल्याचा दाखला. घामानं जीव नकोसा झालेल्या दिवसांत स्वेटर घेऊन कोण येतं सुट्टीला? बहिणीनं सहा महिन्यांपूर्वी दुसरं लग्न केलं होतं. नवा नवरा या मुलीविषयी कधी वाईट बोलला नव्हता. तो तिच्याविषयी काहीच बोलला नव्हता.

"अहो, ही पोर कायमची पाठवलीय," बाई स्वयंपाकघरात मिस्त्रींना म्हणाल्या. "आणि मला तोंडानं सांगायची हिंमत नाही तिची."

"सुट्टी संपेपर्यंत राहू दे, मग बघू," मिस्त्री म्हणाले. "ठेवायची की परत पाठवायची, ते काय आजच ठरवायला हवं?"

दोन खोल्यांच्या घरात कुजबुजणं म्हणजे सगळ्यांना ऐकवणंच असतं. बाईंना हे कळायला हवं होतं. पण बहिणीच्या नावानं खडे फोडायची इतकी घाई झाली होती की दाराकडे बघायला सवड नव्हती. बहिणीला फोन करून सरळ विचारावं असंही त्यांच्या मनात आलं. पण सरळ विचारलं असतं तर सरळ उत्तर आलं असतं, आणि मग आपल्यालाही हो की नाही ते सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत बाईंमध्येही नव्हती. म्हणून त्या नुसत्या धुमसत राहिल्या.

सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच घराची धर्मशाळा झाली. एक दिवस बाई घरी आल्या तर खुर्चीवर ओले टॉवेल, ओट्यावर अंड्याची टरफलं, साखरेच्या डब्यात मुंग्यांची वस्ती, पंखा चालू, टीव्ही चालू, आणि टाकीतलं पाणी संपलेलं. नळ उघडा आहे हे थोरलीलाही दिसलं होतं आणि बारक्यालाही. तो बंद कुणी करायचा यावर एकमत होत नव्हतं. बाईंनी अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला. मुनी भिंतीला टेकून उभी होती, तिला मात्र त्या काही बोलल्या नाहीत. पाहुण्या पोरीला कसं बोलायचं? मग त्यांनी डेपोतून आणलेला, रकाने चुकलेला म्हणून बाद झालेला चार्टचा कोरा कागद काढला, पट्टी घेतली, लाल आणि निळं पेन घेतलं आणि जमिनीवर बसून घराचा चार्ट लिहायला घेतला.

चार्ट कसा झाला म्हणता! डेपो मॅनेजरनं बघितला असता तर बोर्डात लावला असता. ड्युटी नंबर एक, अंथरुणं उचलणे. दोन, भांडी. तीन, झाडणे-पुसणे. चार, कपडे वाळत घालणे, काढणे, घड्या. पाच, कचरा आणि पाणी. प्रत्येक ड्युटीपुढे सात दिवसांचे सात चौकोन. काम करणाऱ्यानं चौकोनात सही करायची. ड्युटीची अदलाबदल करायची तर दोघांच्या सह्या हव्यात. आठवड्याला एक सुट्टी. वर शाईनं थोरली, तिच्याखाली शाईनं बारक्या. हात सवयीनं चालत होता आणि डोकं बहिणीशी भांडत होतं, तू अशी, तू तशी, लहानपणापासून माझ्या गळ्यात सगळं टाकून मोकळी. त्या भांडणाच्या नादात हातानं पेन ठेवलं, पेन्सिल उचलली, आणि सगळ्यात खाली मुनीचं नाव लिहून त्यापुढे कंसात लिहिलं, बदली.

मुनी चार्टसमोर बराच वेळ उभी राहिली.

"मावशी, माझं नाव खाली आहे."

"हो गं राणी, तुला काही फार करायचं नाही. कुणाचं राहिलं-बिहिलं तर बघायचं," बाई गोडीनं म्हणाल्या. गोड बोलताना त्यांचा आवाज जरा परकाच येई, पण तो येई.

आणि काय सांगावं, चार्ट चालला. चौथ्या दिवसापासून बाई दार उघडत ते आरशासारख्या घरात. भांडी पालथी घातलेली, कपड्यांच्या घड्या कडेला कड लावून, टाकी भरलेली, चौकोनांत सह्या. बाईंचा राग हळूहळू बसायला लागला. डेपोत खिडकीशी कुणी कुरकुरलं की त्या म्हणत, "माझ्या घरी दहा-दहा वर्षांची पोरं मुकाट ड्युटी करतात, आणि तुम्हाला मिशा आल्या तरी समजावायचं?" त्यांना वाटलं, आपल्याला जमलं. एकवीस वर्षं डोक्यावर मिऱ्या वाटून घेतल्या, त्याचा घरी तरी उपयोग झाला.

तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री स्वच्छ ताटात जेवता जेवता म्हणाले, "पोरगी कामाची आहे गं. राहू दे इथंच. हातभार होतो."

बाईंना ते कुठंतरी टोचलं. का टोचलं ते समजेना, म्हणून त्यांनी मिस्त्रींच्या ऑइलनं माखलेल्या रुमालावरून भांडण काढलं.

बाई जुने चार्ट टाकत नसत. डेपोत तसा नियमच होता, आणि घरीही प्रत्येक आठवड्याचा कागद त्या क्लिपला लावून ठेवत. चौथ्या आठवड्याच्या रविवारी दुपारी पोरं खाली खेळायला गेली होती, मिस्त्री घोरत होते, आणि बाई पाचवा चार्ट आखायला बसल्या. कुणाची किती सुट्टी राहिली ते बघावं म्हणून त्यांनी आधीचे चारही कागद पुढ्यात मांडले. त्या आई म्हणून बघत होत्या तोवर सगळं छान दिसत होतं. मग चष्मा लावला आणि त्या ऑफिसात बघतात तसं बघू लागल्या.

पहिल्या आठवड्यात अदलाबदलीच्या सह्या सहा. दुसऱ्यात चौदा. तिसऱ्यात पंचवीस. चौथ्या आठवड्यातल्या पस्तीस चौकोनांपैकी एकतीस चौकोनांत तीच सही, एकेक अक्षर सुटं, चौकोनाच्या कडेला धक्का न लावता काढलेलं. आणि सुट्टी? थोरलीची चार, बारक्याची चार. मुनीची एकही नाही. अठ्ठावीस दिवस सलग. एकवीस वर्षांत असले कागद बाईंनी पुष्कळ पाहिले होते. कोण माणूस असा कागद भरतो ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांचं बोट आपोआप तळाच्या ओळीवर गेलं. तिथं पेन्सिलीनं, त्यांच्याच वळणदार अक्षरात, चार आठवडे, चार वेळा लिहिलेलं होतं.

बाईंनी गॅलरीतून हाक मारली. त्या हाकेला शेजारच्या इमारतीतली पोरंही आपापल्या घरी गेली.

थोरली आणि बारक्या समोर उभे राहिले. मुनी वर आली नव्हती, ती वाटेतच वाळलेले कपडे काढायला गच्चीवर वळली होती.

"हे काय आहे?" बाईंनी कागद नाचवला. "लाज नाही वाटली? तिच्याकडून भांडी, तिच्याकडून लादी, आणि तुम्ही दोघं काय लाटसाहेब?"

"ती स्वतःच म्हणते मी करते म्हणून," बारक्या म्हणाला. "आम्ही नाही सांगितलं."

"म्हणेल ती. तुम्हाला अक्कल नको?"

थोरली आईवरच गेली होती. तिनं मान खाली घातली नाही. "आई, बदली तू लिहिलंयस. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं बदली म्हणजे काय. मला नीट माहीत नव्हतं, म्हणून बारक्यानं जेवताना बाबांना विचारलं. तू तेव्हा फोनवर होतीस."

बाईंनी पलंगाकडे बघितलं. मिस्त्री जागे झाले होते आणि पुन्हा झोपता येईल का ते बघत होते.

"काय सांगितलंत पोरांना?"

"काय सांगणार? जे आहे ते," मिस्त्री उठून बसले. "बदली म्हणजे जो कायम नाही तो. मी सांगितलं, मी तीन वर्षं बदली होतो. एका दिवसाला नाही म्हटलं नाही, तक्रार येऊ दिली नाही, म्हणून साहेबांनी कायम केलं. चांगलंच सांगितलं की."

तेवढ्यात मुनी आली. दोन्ही हातांत कपड्यांचा भारा, त्यावर हनुवटी टेकलेली. बाईंच्या पुढ्यात पसरलेले कागद तिनं बघितले आणि ती घाबरली. भारा पलंगावर ठेवून हात पुसत म्हणाली, "मावशी, त्यांना रागावू नको. मीच मागून घेतलं." मग गणिताच्या बाईंना शंका विचारावी तसं विचारलं, "एकूण किती दिवस भरावे लागतात?"

बाईंना उत्तर माहीत होतं, डेपोच्या नियमाचा आकडा त्यांना पाठ होता, आणि तो आकडा जिभेवर आला याचाच त्यांना इतका संताप आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. मिस्त्रींचा राग आला, पोरांचा आला, बहिणीचा तर आलाच. पण हे सगळे राग जुने, ओळखीचे होते. ज्या हातानं ती पेन्सिल उचलली त्या हाताचा राग नवा होता. तो कुणावर काढायचा हे बाईंना समजेना. त्यांनी चारही कागदांचे तुकडे केले, पाचवा कोरा होता तोही फाडला, आणि बहिणीला फोन लावला.

"तुला स्वेटर आठवला, दाखला आठवला, आणि मला एक शब्द सांगायला तोंड नव्हतं?"

बहीण म्हणाली, "ताई, मी कशी विचारणार? तू नाही म्हणाली असतीस तर?"

"नाही म्हणाले असते तर भांडायचं होतंस. बहीण आहेस की कोण आहेस? माझ्या दारात येऊन भांडायचं होतंस. पोरीला माल पाठवल्यासारखं पाठवतेस?"

बहीण रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. "ती इथंच राहील," त्या शेवटी म्हणाल्या, "पण तुला माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव." मग फोन ठेवून मुनीला जवळ बसवून सांगितलं, "तू आता इथंच राहायचं. या घरात. दिवस-बिवस काही भरायचे नाहीत. कळलं?"

मुनीनं मान हलवली. कळलं तर होतं. पण डेपोत साहेब येऊन म्हणतात, तुमचं बघतो हं, तेव्हा बदली माणसं अशीच मान हलवतात, आणि ती मान बाईंनी शेकडो वेळा बघितली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात कपांचा आवाज आला.

त्या सोमवारी बाईंनी डेपोच्या चार्टमध्ये तळाच्या ओळींवर पेन्सिल टेकवली आणि ती पुढे सरकेना. डेपो काही त्यांच्या वडिलांचा नव्हता, बदलींना शाईनं लिहायची सोय नव्हती. मग त्या बदलींत तीन वर्षं एक सुट्टी न मागितलेला एक उंच कंडक्टर होता, त्याच्या नावापुढे त्यांनी आपण होऊन सुट्टी लिहिली. चार वाजून एक मिनिटानं तोच खिडकीशी. चेहरा पांढराफटक.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"चुकलं काय त्यात? घरी जा, झोप काढा."

"नाही, पण ड्युटी द्या ना. कसलीही द्या."

बाईंनी खिडकी लावून घेतली. घरीही तेच चाललं होतं. बाईंनी मुनीच्या हातातला झाडू काढून घेतला की ती खोलीच्या मधोमध उभी राही, आता आपण नक्की कुठं उभं राहायचं हे न कळल्यासारखी. एका संध्याकाळी तिच्या हातून काचेचा ग्लास पडला. ती जागच्या जागी थिजली.

"असू दे हं, असू दे. पायाला नाही ना लागलं, बाळा?" बाई धावल्या.

बारक्या खुर्चीवर बसून हे बघत होता. "मी फोडला असता तर आख्ख्या इमारतीला कळलं असतं," तो म्हणाला. "तिला कुणी काही बोलत नाही. पाहुणी आहे ना ती."

बाईंनी त्याला गप्प बसवलं. पण पोरगा खरं बोलला होता. पुढचे दोन दिवस बाईंनी मुनीवर रागवायचा प्रयत्न करून बघितला. ते काही जमलं नाही. एकवीस वर्षं ज्या बाईंना राग आवरता आला नव्हता त्यांना तो आणता येईना. "मुनी, हे काय गं," एवढं म्हणून पुढे शब्द सुचेनात, आणि मुनी मात्र लगेच फडकं घेऊन यायची.

सुट्टीचे दहा दिवस उरले तेव्हा बाई मुनीला घेऊन पोरांच्या शाळेत गेल्या. खिडकीपलीकडच्या क्लार्कनं दाखला बघितला, अर्ज बघितला, शिक्का उचलला आणि म्हणाला, "आईचं संमतिपत्र नाही. ते येईपर्यंत तात्पुरता प्रवेश देतो."

शिक्का हवेतच होता. बाईंनी खिडकीतून हात घालून अर्ज ओढून घेतला.

"तात्पुरता नाही."

"अहो बाई, फॉर्मॅलिटी आहे. सगळ्यांनाच देतो."

"सगळ्यांना द्या. हिला नाही. हिच्या कागदावर तो शब्द मारायचा नाही."

"नियम आहे तो."

"नियम मला नका सांगू!" बाईंचा आवाज चढला तसे मागच्या रांगेतले पालक दोन पावलं सरकले. "नियमानं माणसाचं काय होतं ते मला विचारा. आयुष्य गेलं माझं माणसांना तात्पुरतं लिहिण्यात. ही माझी पोर आहे, माझ्या घरात राहते, आणि तुम्ही तिच्या देखत तिच्या कागदावर तात्पुरती म्हणून शिक्का मारणार? हात तर लावून बघा."

आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. उद्या संमतिपत्र आणा, उद्याच पक्का प्रवेश देऊ, तोवर अर्ज नुसता ठेवून घेतो, असं ठरलं. क्लार्कनं कपाळावरचा घाम पुसला. बाई तणतणत बाहेर पडल्या, बस स्टॉपपर्यंत तणतणल्या, बसमध्ये चढल्यावरही कंडक्टरला उगाच दोन शब्द सुनावले. त्या खिडकीशी बसल्या तेव्हा मुनी शेजारी उभीच.

"बस की."

"मला खिडकी हवी," मुनी म्हणाली.

घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. बाई "काय कटकट आहे" म्हणत उठल्या आणि आतली जागा देऊन कडेला बसल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून त्या बहिणीच्या दारात गेल्या. बहिणीनं सही केली. नवा नवरा दारात येऊन "पाणी घेता?" म्हणाला. बाईंनी पाणी घेतलं नाही. तीनच्या आत पक्का प्रवेश झाला.

शाळा उघडायला चार दिवस होते तेव्हाची गोष्ट. डेपोत त्या दिवशी तीन गाड्या बंद पडल्या होत्या, दोन ड्रायव्हर न सांगता घरी बसले होते, चार्ट तीनदा खोडावा लागला होता. बाई साडेपाचला दारात आल्या तर आतून इतका गलका येत होता की चपला काढायच्या आधीच त्यांचं टाळकं सरकलं. अंथरुणं तशीच, लादीवर सांडलेलं दूध, सिंक भांड्यांनी काठोकाठ. आणि मध्ये तिघं एकमेकांच्या अंगावर.

"माझी पाळी नाहीये!" तो आवाज बाईंनी आधी ओळखलाच नाही. "काल मी घासली, परवा मी घासली! बारक्या घासेल नाहीतर तशीच पडू देत!" मुनीचा चेहरा लालभडक झाला होता आणि तिच्या मुठीत बारक्याचा शर्ट होता.

"बास!" बाई ओरडल्या. "बास म्हणजे बास! दिवसभर तिकडे डोकं फोडून घ्यायचं आणि घरी येऊन हा बाजार बघायचा? थोरली, एवढी घोडी झालीस, डोळ्यांना दूध दिसत नाही? बारक्या, तू तर एक नंबरचा कामचुकार. आणि तू गं? तू काय वेगळी आहेस? परवा घासली म्हणून मिरवतेस? काल दुपारी कपडे कुणी भिजू दिले गच्चीवर? मी सांगितलं नव्हतं टाकीचं पाणी उतू जातं म्हणून? चार शब्द बोलायला शिकलीस तर सगळे भांडायलाच वापरायचे?"

"मी एकटीनं नाही भिजू दिले!" मुनी ओरडली. "तू मलाच का बोलतेस?"

"उलट बोलतेस मला?"

"हो!"

मुनी पाय आपटत आतल्या खोलीत गेली आणि दार इतक्या जोरात लोटलं की भिंतीवरचं घड्याळ हललं. बाईंनी दारावर थाप मारून आणखी दोन मिनिटं तोंडसुख घेतलं. आतून उत्तरं येत होती, ती रडक्या आवाजातली असली तरी बाईंचं एकही वाक्य बिनउत्तराचं सोडलेलं नव्हतं.

मिस्त्री हात पुसत आले. "अगं, तिला कशाला एवढी ओरडतेस?"

"तुम्ही मध्ये पडू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी लागतील तेवढी ताटं विसळून घेतली, बाकीच्या भांड्यांना हात लावला नाही, आणि जेवण वाढलं. "जेवायला या," त्यांनी हाक मारली. दोघं आली. "मुनी!"

"नको मला!"

"नको तर उपाशी राहा."

पाच मिनिटं गेली. मग दार उघडलं. सुजलेले डोळे, वर केलेलं नाक. ती कुणाकडे न बघता आली, बारक्याला कोपरानं बाजूला सारून त्याच्या खुर्चीवर बसली आणि ताट पुढे ओढलं. "आई, ती माझी जागा आहे," बारक्या म्हणाला. "दुसरीकडे बस," बाई त्याच्यावर खेकसल्या. सिंकमधली भांडी तशीच होती, आणि मुनी त्यांच्याकडे पाठ करून जेवत होती.